स्क्रीनसमोर कोण बसले आहे?

(चांदूर बाजार येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

जून २०२०. जळगावच्या शासकीय रुग्णालयाच्या कोविड वॉर्डात ८२ वर्षांची एक आजी दाखल होती. २ जूनला ती खाटेवरून दिसेनाशी झाली. शोधाशोध झाली, पोलिसांत बेपत्ता म्हणून नोंद झाली, घरच्यांना मात्र कोणी नीट उत्तर देईना. १० जूनला रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहातून दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा दार उघडले गेले. आजीचा मृतदेह तिथेच होता. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले आणि सगळा महाराष्ट्र हळहळला.

त्यानंतर नऊ दिवसांनी, १९ जूनला, सर्वोच्च न्यायालयाने कोविड रुग्णांच्या हेळसांडीबद्दल स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात राज्यांना आदेश दिला: कोविड रुग्णालयांच्या वॉर्डांत सीसीटीव्ही कॅमेरे बसवा आणि त्यांचे चित्रण पाहणी पथकांना व अधिकाऱ्यांना तपासता येईल असे ठेवा. रुग्णाच्या एका नातेवाइकाला आवारात ठरवून दिलेल्या जागी थांबू द्या आणि चौकशीसाठी मदत कक्ष ठेवा, हेही त्याच आदेशात होते. कॅमेरा आणि नातेवाईक दोघेही एकाच कागदावर आले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

जळगावच्या त्या वॉर्डात २ जूनला कॅमेरा असता तर ती आजी वाचली असती का? स्वच्छतागृहात कॅमेरा नसतो आणि असताही कामा नये. वॉर्डातल्या कॅमेऱ्याने ती उठून आत जाताना टिपली असती. पण ती बाहेर आली नाही, हे त्याच वेळी कोणाच्या तरी लक्षात यायला हवे होते. त्यासाठी स्क्रीनसमोर जागे माणूस हवे आणि त्याने फोन केल्यावर धावत जाईल अशी दुसरी व्यक्ती वॉर्डात मोकळी हवी. ती दोन माणसे नसतील तर कॅमेऱ्याचा उपयोग एवढाच, की आठ दिवसांनी शोधण्याऐवजी आठ दिवसांनी चित्रण पाहून कोणावर ठपका ठेवायचा ते ठरवता आले असते. रुग्णालयात कॅमेऱ्याने नजर ठेवण्याची चर्चा सुरू झाली की वॉर्डातल्या सिस्टरच्या मनात नेमकी हीच शंका येते.

वऱ्हाडातल्या कुठल्याही सरकारी वॉर्डात रात्री दहानंतर डोकावले तर खाटांवर जितकी माणसे, जवळजवळ तितकीच खाटांखाली दिसतात. कोणाची बायको, कोणाचा भाऊ, कोणाची सून चटई टाकून पडलेली असते. सलाईन संपत आले की सिस्टरला हाक तीच मारते. म्हातारा खाली उतरू लागला की त्याचा हात तीच धरते. चांदूर बाजारहून अचलपूरला, तिथून अमरावतीला इर्विन किंवा डफरीन या सरकारी रुग्णालयांत रेफर झालेल्या रुग्णाबरोबर डबा, घोंगडी आणि रात्रभर जागणारे एक माणूस जातेच. आपली सरकारी आरोग्यव्यवस्था या बिनपगारी माणसाच्या जिवावर चालते, पण कोणत्याही हजेरीपत्रकावर त्याचे नाव नाही. कोरोनाने हेच माणूस वॉर्डाबाहेर काढले. आतल्या परिचारिकांना पीपीई किटमध्ये घामाने भिजत, चष्म्यावर वाफ धरलेली असताना, त्याच्या वाटचेही काम अंगावर घ्यावे लागले. जळगावातच पुढे रुग्णाच्या खाटेजवळ मदतनीस नेमण्याची ‘बेडसाईड असिस्टंट’ पद्धत आली. रोगापेक्षाही एकटेपणाने घात केला, हे तिथल्या प्रशासनाला कळले होते.

अमेरिकेत हे काम पगारी माणूस करते. भ्रमात असलेला, पडण्याचा धोका असलेला किंवा नाकातली नळी ओढून काढणारा रुग्ण असला की त्याच्या खाटेशेजारी एक जण बसवतात. त्याला ते ‘सिटर’ म्हणतात. एका रुग्णामागे एक माणूस, तेही तिन्ही पाळ्यांत, हे खर्चाचे काम. त्यातून दुरून व्हिडिओने लक्ष ठेवण्याची पद्धत वाढली. चाकांच्या स्टँडवर किंवा छताला एक कॅमेरा, त्याला माइक आणि स्पीकर, अंधारातही दिसावे म्हणून इन्फ्रारेड दिवे. दुसऱ्या मजल्यावर, कधी दुसऱ्या शहरात, एक प्रशिक्षित कर्मचारी एकाच वेळी दहा-बारा रुग्णांची चित्रे पाहत बसतो. रुग्ण उठू लागला की आधी स्पीकरवरून त्याला थांबायला सांगतो, मग वॉर्डातल्या सिस्टरला फोन करतो, आणि फारच निकड असेल तर खोलीत भोंगा वाजवतो. अंग पुसताना किंवा कॅथेटर घालताना चित्र झाकण्याची सोय असते. पुष्कळ रुग्णालये चित्रण साठवूनही ठेवत नाहीत. पाहायचे आणि सोडून द्यायचे. ‘अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात २०२० साली या विषयावरच्या अभ्यासांचा एक आढावा आला. माणूस बसवल्याने पडण्याच्या घटना कमी होतात याला फारसा भक्कम पुरावा त्यात सापडला नाही. कॅमेऱ्यामुळे मात्र पडण्याचे प्रमाण न वाढता बसवायची माणसे कमी लागतात, असा कल दिसला. दावा मोठा नाही, पण टाकाऊही नाही.

इथल्या रात्रपाळीचे एक चित्र पाहावे. पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात रात्री तीनची वेळ. प्रोस्टेटचे ऑपरेशन झालेला सत्तरीचा शेतकरी, लघवीची नळी लावलेली, पिशवी खाटेच्या कडेला अडकवलेली. गुंगी आणि म्हातारपण मिळून त्याला आपण कुठे आहोत याचा विसर पडतो. तो उठून बसतो. मळ्यात पाणी सोडायला जायचे आहे, अशा घाईने पाय खाली सोडतो. पिशवी तशीच अडकलेली असते. पुढच्या क्षणी एकतर नळी ओढली जाऊन रक्त येणार, नाहीतर तो फरशीवर आपटून खुब्याचे हाड मोडणार. सिस्टर त्या वेळी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला नव्या पेशंटला सुई लावत वाकलेली. भाऊ खाली गाढ झोपलेला. अशा क्षणी दुरून कोणी पाहत असेल आणि फोन वाजला, तर तो फोन सिस्टरला नकोसा वाटेल का? मुळीच नाही. “बारा नंबरचा बुढा उठून रायला, पहा बरं लवकर,” एवढे चार शब्द तिची आणि त्याची पुढची सहा महिन्यांची फरपट वाचवतात.

पण त्याच क्षणाला दुसरीही बाजू आहे. भिंतीवरच्या डबीतून अनोळखी आवाज आला, “आजोबा, खाली उतरू नका,” तर गुंगीतल्या त्या म्हाताऱ्याला धीर येईल की तो अधिकच भेदरेल? मेळघाटातून आलेल्या, घरी फक्त कोरकू बोलणाऱ्या बाईला नागपूरच्या किंवा दिल्लीच्या कंट्रोल रूममधली मराठी-हिंदी कळेल का? स्क्रीनसमोर बसणारे माणूस जवळचे, इथली बोली बोलणारे असले पाहिजे, ही मागणी कोणी सोयीसुविधेच्या यादीत टाकू नये. उपचाराचाच तो भाग आहे.

माणसे नवे यंत्र का स्वीकारतात, यावर फ्रेड डेव्हिस या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली एक मांडणी केली. ती आजही रुग्णालयांतल्या पाहण्यांत वापरली जाते. तिचा गाभा दोन प्रश्नांत आहे: याचा माझ्या कामाला उपयोग आहे का? आणि हे वापरायला सोपे आहे का? परिचारिकांच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर सहसा होकारार्थी येते. दुसरा प्रश्न जरा खडतर. प्रत्येक कूस बदलण्याला फोन वाजू लागला तर तिसऱ्या रात्री फोनकडे दुर्लक्ष होते. मॉनिटरच्या अखंड टूंटूं आवाजाबद्दल अतिदक्षता विभागात काम केलेली कोणतीही सिस्टर हेच सांगेल. यावर उपाय आहे. स्क्रीनवरच्या माणसाला रुग्णाची माहिती हवी. पाळी बदलताना सिस्टर एकमेकींना जशी ‘ओव्हर’ देतात, तशी त्यालाही दिली पाहिजे: हा झोपेत हात हलवतो, घाबरू नका, ती मात्र पाय खाली सोडल्याबरोबर पडते, लगेच कळवा. मग त्याचा फोन वरून आलेला हुकूम न राहता सहकाऱ्याची हाक होतो.

मात्र आपल्याकडे या दोन्हींच्या आधी एक तिसराच प्रश्न उभा राहतो. पाहतो कोण, आणि कोणाला पाहतो?

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील नॉर्थ शोअर विद्यापीठ रुग्णालयातला प्रयोग या दृष्टीने फार बोलका आहे. तिथल्या १७ खाटांच्या अतिदक्षता विभागात हात धुण्याच्या जागांवर रोख धरून कॅमेरे बसवले आणि डॉक्टर-परिचारिका खोलीत जाता-येता हात धुतात की नाही हे दूरवरचे लोक पाहू लागले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१३ साली लिहिले की हे पाहणारे लोक भारतात बसलेले होते. पहिल्या १६ आठवड्यांत कर्मचाऱ्यांना काहीच कळवले नाही, तेव्हा हात धुण्याचे प्रमाण १० टक्क्यांच्याही खाली होते. मग विभागाच्या बोळात एक पाटी लावली आणि तिच्यावर चालू पाळीचे एकत्रित प्रमाण झळकू लागले. पुढच्या १६ आठवड्यांत ते ८१.६ टक्क्यांवर गेले आणि नंतरही टिकले. कॅमेरा दोन्ही वेळी तिथेच होता. फरक पडला तो मिळालेली माहिती काम करणाऱ्यांच्याच डोळ्यांसमोर ठेवल्याने, आणि तीही कोणा एकीचे नाव न घेता, सगळ्या चमूची म्हणून. या प्रयोगातली सर्वात घेण्यासारखी गोष्ट ती पाटी आहे.

आता आपल्याकडचा अनुभव. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या विशेष दक्षता कक्षाला आग लागली. १० बाळे गेली, ७ वाचवता आली. पुढे काय झाले? जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, त्याचबरोबर कंत्राटी परिचारिकांच्या सेवा संपवण्यात आल्या, परिचारिकांवर गुन्हेही नोंदवले गेले. त्या रात्री त्या कक्षात कोणी हजर होते की नव्हते, हा चौकशीचा मुख्य मुद्दा ठरला, आणि तो रास्तही होता. गेलेल्या बाळांच्या आयांना उत्तर मिळालेच पाहिजे. पण एका पाळीला किती परिचारिका होत्या, त्यांच्याकडे किती बाळे होती, आगीची सूचना देणारी आणि ती विझवणारी व्यवस्था कोणाच्या टेबलावर अडकली होती, हे प्रश्नही तितकेच रास्त होते. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२२ मध्ये, अमरावतीच्या डफरीनमध्येही नवजात कक्षाला आग लागली आणि बाळांना घाईघाईने हलवावे लागले. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका आणि अध्यापन रुग्णालयात तिघांमागे एक असा आहे. रात्रपाळीत हा निकष कितपत पाळला जातो, हे सरकारी वॉर्डात एक रात्र काढलेल्या कुणालाही विचारावे. कॅमेऱ्यात रिकामी खुर्ची दिसते. तिच्यावर बसायला हवी होती ती परिचारिका दुसऱ्या वॉर्डात का गेली, आणि जी जागा कधी भरलीच गेली नाही तिचे काय, हे दिसत नाही. म्हणून परिचारिका कॅमेऱ्याला बिचकतात. हा कामचुकारपणा नव्हे.

आणि याच परिचारिका कॅमेरा मागतातही. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तळघरात, कपडे बदलायला गेलेल्या अरुणा शानभाग या परिचारिकेवर तिथल्याच एका कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून अत्याचार केला. पुढची जवळपास ४२ वर्षे, १८ मे २०१५ ला प्राण जाईपर्यंत, तिला केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी सांभाळले. इतके, की २०११ साली तिच्या दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने याच लोकांचा मानला. महाराष्ट्रातल्या परिचर्येच्या इतिहासात याहून मोठे पान नाही. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात प्रशिक्षणार्थी डॉक्टर तरुणीचा अत्याचार करून खून झाला, तेव्हा आरोपीपर्यंत पोहोचायला सीसीटीव्हीचे चित्रणच उपयोगी पडले. देशभर डॉक्टर आणि परिचारिका रस्त्यावर आल्या, आणि रुग्णालयांत कॅमेरे हवेत ही मागणी सर्वांच्या तोंडी होती. अंधारे जिने, क्वार्टरकडे जाणारा रस्ता, अपघात विभागाचे दार, जमाव घुसतो ते गेट: इथे कॅमेरा हवा म्हणून भांडणारी सिस्टर आणि वॉर्डातल्या कॅमेऱ्याकडे संशयाने पाहणारी सिस्टर एकच आहे. तिच्या बोलण्यात विसंगती नाही. गेटवरचा कॅमेरा तिच्यावर हात उगारणाऱ्याला पाहतो. वॉर्डातला तिला पाहतो, असे तिला वाटते. वॉर्डातला कॅमेरा रुग्णाला पाहतो, अशी तिची खात्री पटवणे हे तो बसवणाऱ्याचे काम आहे. ती पटली नसेल तर दोष तिचा धरू नये.

वैद्यकीय क्षेत्रात नजर ठेवण्यावरून महाराष्ट्रात एक वाद आधी होऊन गेला आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली ८३९ उरल्या होत्या. पुढे तिथे जिल्हाधिकारी म्हणून आलेले मराठीतले लेखक लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण जोडायला लावले. प्रत्येक तपासणीची नोंद त्यात साठू लागली. रेडिओलॉजिस्टांची संघटना न्यायालयात गेली. रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा मांडला गेला. ऑगस्ट २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश उचलून धरला, कारण पलीकडे न जन्मलेल्या मुलीचा जीव होता. तिथे पाहिला जात होता तो यंत्र चालवणाराच, गुन्ह्याच्या शक्यतेपोटी, आणि तसे उघडपणे सांगितलेलेही होते. वॉर्डात अशी शक्यता धरून चालणे हा परिचारिकेचा अपमान आहे. दोन ठिकाणची गरज वेगळी, म्हणून नियमही वेगळे हवेत.

खासगीपणाचा प्रश्न यापेक्षाही जवळचा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातेत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातले चित्रण बाहेर फुटले. तपासल्या जाणाऱ्या, इंजेक्शन घेणाऱ्या बायकांचे व्हिडिओ यूट्यूब आणि टेलिग्रामवरून पैसे घेऊन विकले जात होते. पोलिसांनी पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीचे तरुण होते, म्हणजे आपल्याच राज्यातले. त्या कॅमेऱ्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच, ‘अॅडमिन’ आणि १२३, ठेवलेला होता असे पुढे समोर आले. त्या चित्रणात रुग्ण बायकांबरोबर परिचारिकाही होत्या. पोटुशी सून तपासायला डफरीनला पाठवणाऱ्या घराने ही बातमी वाचली असेल तर वॉर्डातला कॅमेरा पाहून त्याच्या पोटात गोळा येणारच, आणि त्याला समजावण्याची वेळ पुन्हा सिस्टरवरच. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले, डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला. पण त्या कायद्याला अर्थ येतो तो रुग्णालयाच्या सर्व्हर खोलीत. पासवर्ड कोणाकडे, चित्रण साठवायचे की नाही, साठवले तर किती दिवस, ते मागण्याचा अधिकार कोणाला, हे वॉर्डाच्या भिंतीवर मराठीत लिहून लावलेले असले पाहिजे.

नजर ठेवणे परिचारिकेला कोणी शिकवायला नको. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९ सालच्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे. दोन्ही बाजूंना खाटा असलेला त्यांच्या नावाचा लांब वॉर्ड प्रसिद्ध आहे. एका जागी उभे राहून सगळे रुग्ण दिसावेत अशी त्याची रचना. चेहऱ्याचा रंग, श्वासाची घरघर, ओठ कोरडे पडलेत का, सासू सांगते आहे ते खरे की सून गप्प बसते आहे ते खरे, हे सगळे परिचारिका आपल्या फेरीत पाहते. यातले फार थोडे कॅमेऱ्याला दिसते. पण जिथे तिला पोहोचता येत नाही, त्या पाच-दहा मिनिटांच्या फटीत कॅमेरा तिची मदत करू शकतो. तेवढ्या कामासाठी तो आणला, तर तो तिच्या बाजूचा ठरेल. एक परिचारिका कमी करून तिच्या जागी कॅमेरा लावायचा हिशोब मनात असेल, तर तो आणूच नये. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिकांनी बाह्यस्रोतांतून भरती करण्याच्या निर्णयाविरुद्ध काम बंद ठेवले होते, ते याच भीतीने.

उद्या चांदूर बाजारच्या किंवा अचलपूरच्या रुग्णालयासाठी अशा यंत्रणेचा प्रस्ताव आला, तर निविदा निघण्याआधी रात्रपाळी करणाऱ्या दोन सिस्टर, एक ब्रदर आणि वॉर्डातली एक मावशी यांना त्या बैठकीला बोलवावे. कॅमेरा कोणत्या खाटेवर, कोणत्या कोनातून, हे त्यांनी सांगावे. पडण्याची भीती कोणत्या रुग्णाची हे त्यांना तोंडपाठ असते. नर्सिंग स्टेशन आणि त्यांची बसायची खोली चौकटीबाहेर ठेवावी. वीज गेली, नेट बंद पडले की काय करायचे ते आधी ठरवावे, कारण उन्हाळ्यात या दोन्ही गोष्टी होणारच. पाहणाऱ्याने आठवड्यातून एक पाळी प्रत्यक्ष वॉर्डात काढावी, म्हणजे आवाजामागचा चेहरा दोन्हीकडे ओळखीचा होईल. आणि महिन्याच्या शेवटी एक कागद नर्सिंग स्टेशनवर लागावा: किती वेळा फोन आला, किती वेळा रुग्ण पडता पडता वाचला, किती वेळा फोन येऊनही जायला माणूस नव्हते. हा शेवटचा आकडा अमरावतीला आणि मुंबईला, पदे भरणाऱ्यांच्या टेबलावर, दर महिन्याला जावा.